विश्लेषण : हौसेने प्रोग्रॅमिंग करणारी मुले मोठेपणी कुठे पोहोचतात?

बारावी आणि सीईटीचे निकाल लागले की माळशिरस, अकलूज, नातेपुते, वेळापूर इथल्या महा-ई-सेवा केंद्रांत आणि सायबर कॅफेंत ‘कॅप’ फेरीचे पसंतीक्रम भरण्याची धांदल सुरू होते. बहुतेकांच्या यादीत पहिल्या ओळीला कॉम्प्युटर असते किंवा हल्ली ‘एआय अँड डेटा सायन्स’. या रांगेत काही पालकांची काळजी थोडी वेगळी असते. ‘पोरगं रात्र-रात्र कॉम्प्युटरवर कायतरी प्रोग्रॅम लिहीत बसतंय, त्याचं पुढं काय होणार?’ हा त्यांचा प्रश्न. गेली वीस-पंचवीस वर्षे त्याचे ठरलेले उत्तर होते : हिंजवडी. मात्र टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार, म्हणजे आपल्या मनुष्यबळाच्या दोन टक्के, कर्मचाऱ्यांची कपात जाहीर केली आणि ते उत्तर देणाऱ्यांचाही आवाज खाली आला. संगणकाच्या नादी लागलेली आधीच्या पिढ्यांतील मुले नेमकी कुठे गेली, हे म्हणूनच तपासून पाहण्यासारखे आहे.

शेजारच्या तालुक्यातील उदाहरण काय सांगते?

माळशिरसला लागूनच माढा तालुका आहे. तिथल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले. दहा लाख डॉलरच्या या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांचा त्याआधीचा प्रवास मात्र कमी सांगितला जातो. डिसले यांना व्हायचे होते आयटी इंजिनीअर. इंजिनीअरिंग कॉलेजात त्यांचे मन रमले नाही. ते शिक्षण सुटले आणि वडिलांनी सुचवले म्हणून ते अध्यापन प्रशिक्षणाकडे वळले. २००९ मध्ये ते परितेवाडीत आले तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली होती. एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला अडगळीची खोली, अशी तिची अवस्था.

तिथे त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड बसवले. फोनने कोड टिपला की कविता ऐकू येते, धड्याचा व्हिडिओ दिसतो, स्वाध्याय उघडतो. हा कोड मुळात शाळेसाठी नव्हताच. जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीतील मासाहिरो हारा यांनी तो १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी तयार केला. कारखान्यातली ती वस्तू दुसरीच्या पुस्तकात उपयोगी पडेल, हे दिसायला माणूस वर्गात उभा असावा लागतो आणि यंत्राची भीती नसलेलाही असावा लागतो. परितेवाडीतील प्रयोगानंतर २०१७ मध्ये राज्याने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी ‘एनसीईआरटी’च्या पुस्तकांबाबतही तशी घोषणा झाली. आज माळशिरस तालुक्यातील कुठल्याही जिल्हा परिषद शाळेतील मूल दप्तरातून ‘बालभारती’चे पुस्तक काढते, तेव्हा त्यावर तो काळा-पांढरा चौकोन असतो.

डिसले ज्या इंजिनीअरिंगमधून बाहेर पडले, ते त्यांनी पूर्ण केले असते तर ते एखाद्या कंपनीत बरे चालले असते, असे समजायला हरकत नाही. पण त्यांच्या हातून जे झाले, ते त्या कंपनीत झाले नसते.

‘तंत्रस्नेही’ शिक्षक हा अपवाद होता का?

अजिबात नाही. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला, त्याच सुमारास ‘सरल’ प्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचे काम शाळांवर पडले आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द शिक्षण खात्यात रूढ झाला. त्या काळात राज्यभर कितीतरी प्राथमिक शिक्षकांनी एक्सेलमध्ये निकालपत्रके बनवली. गुण टाकले की श्रेणी आपोआप पडावी, शेरा उमटावा, पटाची बेरीज जुळावी, अशी सोय असलेल्या या फायली व्हॉट्सअ‍ॅपवरून एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात फिरत. कोणी अँड्रॉइड अ‍ॅप केले, कोणी पाढ्यांचा खेळ केला. त्यातल्या बहुतेकांना ‘तुम्ही प्रोग्रॅमर आहात का?’ असे विचारले असते तर ते हसले असते. पण एक्सेलमधील एका सूत्रात दुसरे आणि दुसऱ्यात तिसरे अडकवून चूक शोधत बसणे हे प्रोग्रॅमिंगच आहे. रविवारी, पगाराशी संबंध नसताना केलेले.

हौशी प्रोग्रॅमरचा शोध फक्त कंपन्यांच्या यादीत घेतला तर ही माणसे सापडत नाहीत. ती शिक्षकांच्या सेवापुस्तिकेत असतात, पतसंस्थेच्या लेखा विभागात असतात, कारखान्याच्या संगणक कक्षात असतात.

मग मोठे उद्योग उभारणारे कोण?

तेही आहेत आणि मराठी माणसाला त्यातले सर्वांत जवळचे नाव ‘क्विक हील’चे. मूळच्या सातारा जिल्ह्यातील काटकर कुटुंबातील कैलास काटकर यांचे शिक्षण दहावीनंतर थांबले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात काम शिकून त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान टाकले. कॅल्क्युलेटरपाठोपाठ संगणक दुरुस्तीला येऊ लागले. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात येणारी अनेक यंत्रे बिघडलेली नसत, त्यांना व्हायरस लागलेला असे.

तो काळ फ्लॉपीचा होता. ‘मायकेलअँजेलो’ नावाचा व्हायरस फ्लॉपीतून यंत्राच्या बूट सेक्टरमध्ये शिरून गप्प बसे आणि ६ मार्चला, त्या चित्रकाराच्या जन्मदिनी, यंत्र सुरू झाले की हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर निरर्थक माहिती लिहून ती निकामी करी. दुकानात दर चार दिवसांनी तेच यंत्र परत येणार असेल तर दुरुस्तीला अर्थ नाही, म्हणून संजय यांनी व्हायरस काढणारी छोटी प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्याला ‘क्विक हील’ उभे राहिले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. या गोष्टीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या धाकट्याइतकाच वाटा दुकान सांभाळणाऱ्या थोरल्याचा आहे. गिऱ्हाईक काय तक्रार घेऊन येते, हे रोज ऐकणारा माणूस घरात नसता तर संजय यांची हुशारी कॉलेजच्या प्रोजेक्टपुरती राहिली असती.

मुंबईतील ‘ईआरपीनेक्स्ट’ या मुक्त सॉफ्टवेअरचीही सुरुवात अशीच आहे. रुशभ मेहता हे इंडस्ट्रियल इंजिनीअर. घरच्या फर्निचर व्यवसायाला हिशेब आणि मालसाठ्याचे सॉफ्टवेअर हवे होते. त्या खटपटीत ते स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकले. ‘झिरोदा’ या ब्रोकरेज कंपनीचे तंत्रज्ञानप्रमुख कैलाश नाध यांनी लहान वयातच हौसेने कोड लिहायला सुरुवात केली. शेअर बाजाराचे काम सांभाळत असतानाच ‘ओळम’ हा मल्याळम शब्दकोशही ते चालवत आले आहेत.

परदेशात काय दिसते?

तिथे ही पिढी आधी घडली, कारण यंत्रे घराघरांत आधी पोहोचली. ब्रिटनमध्ये १९८२ मध्ये आलेला ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ किंवा त्याच्या आदल्या वर्षीचा ‘बीबीसी मायक्रो’ सुरू केला की समोर चित्रे किंवा अ‍ॅप येत नसत. रिकामा पडदा यायचा आणि यंत्र ‘बेसिक’ भाषेतील आज्ञेची वाट पाहायचे. खेळायचे असेल तरी मुलाला एक ओळ टाइप करावी लागे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स यांच्या हाताला संख्याशास्त्रज्ञ आजोबांचा ‘कमोडोर व्हिक-२०’ लागला तेव्हा ते जेमतेम अकरा वर्षांचे होते. १९९१ मध्ये त्यांनी ‘लिनक्स’ची घोषणा केली, तीही फक्त हौस म्हणून करतोय असे सांगत.

डेमिस हसाबिस यांचा रस्ता आणखी वळणांचा. बुद्धिबळात जिंकलेल्या पैशांतून त्यांनी आठव्या वर्षी स्पेक्ट्रम घेतला, सतराव्या वर्षी ‘थीम पार्क’ हा गाजलेला गेम बनवण्यात भाग घेतला, मग केंब्रिजला शिकले, मेंदूविज्ञानात पीएचडी केली आणि २०१० मध्ये ‘डीपमाइंड’ स्थापन केली. २०२४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले ते रसायनशास्त्राचे, प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या ‘अल्फाफोल्ड’साठी. स्पेक्ट्रमसमोर बसलेल्या मुलाचे पुढे काय होईल, यावर कोणी पैज लावली असती तर ‘रसायनशास्त्र’ म्हणणारा एकही निघाला नसता.

अशी नावे वाचून पालकांनी हुरळून जाऊ नये, हेही इथेच सांगायला हवे. त्या यंत्रासमोर लाखो मुले बसली. बहुतेक जण गेम खेळून उठली, काही साध्या नोकऱ्यांत गेली. त्यांच्यावर कोणी पुस्तक लिहिले नाही. आपल्यासमोर येतात ती जिंकलेलीच.

यात मुली कुठे आहेत?

इथे या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत मुलींचे प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत पोहोचले होते. त्यानंतर ते घसरत गेले. नेमके त्याच काळात संगणक घरात आला आणि तो मुलाच्या खोलीत ठेवला गेला. जाहिरातीही मुलग्यांसाठीच होत्या. कार्नेगी मेलन विद्यापीठातील जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांनी १९९० च्या दशकात विद्यार्थ्यांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. मुली हुशारीत कमी नव्हत्या. त्यांना लहानपणी यंत्रासमोर बसण्याचे तास मिळाले नव्हते. वर्गात वर्षानुवर्षे हौसेने कोड लिहिलेला मुलगा शेजारी बसला की ‘हे आपले क्षेत्र नाही’ असे त्यांना वाटू लागे.

विद्यापीठाने दोन गोष्टी बदलल्या. प्रवेशाच्या वेळी आधीच्या प्रोग्रॅमिंगच्या अनुभवाला दिले जाणारे वजन काढले आणि पहिल्या वर्षी अनुभवानुसार वेगवेगळे वर्ग सुरू केले. संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलींचे प्रमाण १९९५ मधील ७ टक्क्यांवरून २००० मध्ये ४२ टक्क्यांवर गेले. पिलीव किंवा गारवाडसारख्या गावातून अठराव्या वर्षी पहिल्यांदा कीबोर्डवर हात ठेवणाऱ्या मुलीला आणि मुलालाही या आकड्यातून काही मिळू शकते. बारा वर्षांपासून कोड लिहिणाऱ्याची आघाडी खरी असते. कॉलेजने नीट सुरुवात करून दिली तर ती भरून निघते.

तालुक्यात या मुलांचे काय होते?

बाहेर गेलेल्यांची चर्चा होते, राहिलेल्यांची होत नाही. माळशिरस तालुक्यात मशीनची आवड असलेल्या मुलाला पहिली वाट दिसते ती आयटीआयच्या ‘कोपा’ ट्रेडची किंवा एमएस-सीआयटीची. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या या अभ्यासक्रमाने ग्रामीण महाराष्ट्राला संगणकाची ओळख करून दिली, हे श्रेय मोठे आहे. पण सरकारी नोकरीच्या अर्जाला जोडायचे प्रमाणपत्र म्हणूनच तो जास्त ओळखला गेला. तिथे मुलगा वर्ड वापरायला शिकला. वर्डसारखे काही बनवता येते, हे त्याला कोणी सांगितले नाही.

त्यापुढे सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, मोबाइल दुरुस्ती किंवा ग्रामपंचायतीत संगणक परिचालक. २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पातून सुरू झालेले आणि नंतर ‘आपले सरकार सेवा केंद्रा’त गेलेले हे परिचालक जन्मदाखल्यापासून आठ-अ उताऱ्यापर्यंत सगळे कागद काढतात. मानधनासाठी आणि कर्मचारी म्हणून दर्जा मिळावा यासाठी त्यांनी मुंबईच्या आझाद मैदानावर किती वेळा धरणे धरले, हे गावागावांत ठाऊक आहे. गावातला सर्वांत ‘कॉम्प्युटर येणारा’ तरुण इतक्या कमी पैशांत राबतो, हे शेजारचे दहावीतले पोर रोज पाहत असते. त्यातून ते काय शिकते, हे वेगळे सांगायला नको.

आणि तरीही काम इथेच पडलेले आहे. माळीनगर, शंकरनगर, सदाशिवनगर असा साखर कारखान्यांचा हा पट्टा. ऊसनोंदीची तारीख, तोडणीचा क्रम, वजनकाट्याची पावती, वाहतूकदाराचे बिल आणि ऊस गेल्यापासून १४ दिवसांत द्यायची रक्कम, ही सगळी माहितीची साखळी आहे. नोंदीची तारीख मागे-पुढे झाली की शेतकरी का भडकतो, हे पुण्यातून आलेल्या सॉफ्टवेअरवाल्याला समजावून सांगावे लागते. उसाच्या घरातल्या पोराला ते जन्मापासून माहीत असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत सुरुवातीला शेतकऱ्यांना फोनवर नोंद करताना जो त्रास झाला, तो ज्याने बांधावर उभे राहून पाहिला आहे, त्याला अ‍ॅप कसे असावे हे बैठकीत बसून ठरवणाऱ्यापेक्षा जास्त कळते. डिसले यांची शाळा असो की काटकरांचे दुकान, हौस कामाला लागली ती दुसऱ्या एखाद्या धंद्याची खडान्खडा माहिती असलेल्या जागी. ‘कॉम्प्युटरच घे, नाहीतर काहीच नको’ हा आग्रह म्हणूनच चुकीचा वाटतो. सिव्हिल, कृषी किंवा बीकॉम घेणारा आणि हौसेने प्रोग्रॅम लिहिणारा विद्यार्थी त्याच त्या कोर्समधून बाहेर पडणाऱ्या हजारोंच्या रांगेत उभा राहत नाही.

खरी अडचण कुठे आहे?

यंत्रात आणि वेळेत. ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटावरील ‘असर २०२३’च्या पाहणीत सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. संगणक किंवा लॅपटॉप मात्र ९ टक्के घरांत. ज्यांच्या घरी संगणक होता त्यांतील ८५ टक्के मुलांना तो चालवता येत होता, ज्यांच्या घरी नव्हता त्यांतील जेमतेम ३४ टक्क्यांना. स्वतःचा स्मार्टफोन असण्यातही मुलगे मुलींच्या दुपटीने पुढे होते. म्हणजे अमेरिकेत चाळीस वर्षांपूर्वी झालेली चूक इथे फोनच्या रूपाने पुन्हा होते आहे.

फोन स्वस्त आहे, नेट स्वस्त आहे. पण तो उघडतो तो दुसऱ्याने बनवलेल्या अ‍ॅपमध्ये. मूल त्यावर पाहू शकते, पाठवू शकते. त्याच्या आत काय चालले आहे, हे फोन दाखवत नाही आणि बोटभर कीबोर्डवर पन्नास ओळींचा प्रोग्रॅम लिहिणे हा छळच आहे. केंब्रिजमध्ये हेच एबेन अप्टन यांच्या लक्षात आले होते. स्पेक्ट्रम-बीबीसी मायक्रोचा काळ संपल्यावर संगणकशास्त्राला अर्ज करणाऱ्यांची संख्या घटत होती आणि येणाऱ्यांना प्रोग्रॅमिंग आधीपेक्षा कमी येत होते. त्यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा स्वस्त संगणक आला. तो मुलांनी खोलावा, बिघडवावा आणि पुन्हा सुरू करावा, म्हणूनच बनवला होता. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हाताने करत शिकण्याचा प्रयोग चालवला. एमआयटीबाहेर सर्वांत आधी निघालेल्या फॅब लॅबपैकी एक याच खेडेगावात आहे.

शाळांत संगणक कक्ष असतात. पण अनेक ठिकाणी तासिका संपली की कुलूप लागते आणि चावी मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते. बिघाड झाला तर जबाबदारी कोणाची, ही भीती खरीच आहे. ती समजून घेऊनही सांगायला हवे की, तासिकेत हौस जमत नाही. ती जमते शाळा सुटल्यावरच्या दोन तासांत, जेव्हा कोणी गुण देणार नसते.

एआयने हे सगळे निरर्थक केले का?

कोड टाइप करण्याचे काम बरेचसे यंत्राने घेतले, हे खरे. नवख्यांना कंपनीत मिळणारी सोपी कामेही त्यामुळे आटतील. पण निकालपत्रकात गैरहजर मुलाला शून्य धरायचे की रकाना रिकामा ठेवायचा, तोडणीच्या यादीत खोडवा आधी की आडसाली, हे एआयला कोणीतरी सांगावे लागते. त्याने दिलेले उत्तर चुकले तर ओळखावेही लागते. ज्याने आधी स्वतः चार प्रोग्रॅम बिघडवले आहेत, त्याला ही चूक लवकर दिसते.

या आठवड्यात जे पालक शंकरनगर-अकलूज, गोपाळपूर, बारामती किंवा पुण्यातील कॉलेजे पाहायला जातील, त्यांनी प्लेसमेंटच्या फलकाबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : प्रयोगशाळा संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते आणि पहिल्यांदाच संगणक हाताळणाऱ्यांसाठी पहिल्या वर्षी वेगळी काय सोय आहे. घरी नववी-दहावीचे मूल असेल तर दुरुस्त केलेला जुना लॅपटॉप साध्या नव्या स्मार्टफोनच्या आसपासच्या किमतीत मिळतो आणि त्यावर लिनक्स फुकट चढवता येते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स, सी, पायथन असे विषय शिकवणारे छोटे धडे मराठीतूनही विनामूल्य आहेत. लॅपटॉप घरात आला की तो मधल्या खोलीत ठेवावा, म्हणजे बहिणीलाही त्यावर बसता येईल.